छोट्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवायची कशी? सोलापूरच्या उन्हाळ्यातली वही

आपल्याकडे टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. ‘सीपीयू रिपेअरला टाकलाय’ म्हणजे डबा दुकानात गेलाय. इथे घोळ नको, म्हणून लेखापुरतं ठरवून घेऊ: डबा म्हणजे कॅबिनेट, आतली मुख्य चिप म्हणजे प्रोसेसर आणि वीज देणारी लोखंडी पेटी म्हणजे एसएमपीएस.

मी टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड डिझाइनं, म्हणजे विणीतच उठणारी नक्षी, करतो. घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा कारखाना. खोली दहा बाय दहाची, त्यातच कपाट, पलंग आणि कामाचं टेबल. म्हणून मशीन जुळवताना मिनी-आयटीएक्स नावाचा छोटा मदरबोर्ड घेतला, जो जेमतेम १७० बाय १७० मिमीचा असतो, आणि बुटाच्या खोक्याहून थोडं मोठं कॅबिनेट. दिवसा मी डिझाइनं काढतो, रात्री धाकटा भाऊ गेम खेळतो. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा होईपर्यंत सगळं झकास चाललं. मग उन्हं चढली आणि एप्रिलपासून दुपारी तीननंतर मशीन रडायला लागलं. मोठं डिझाइन उघडायला दुप्पट वेळ, आणि पंख्याचा आवाज एवढा, की शुक्रवारी सुट्टीला कारखाना बंद असला तरी खोलीत माग चालू असल्यासारखं वाटायचं. मित्र दारात उभा राहून म्हणाला, ‘‘काय बे, विमान सोडायलास का?’’

त्या उन्हाळ्यात मी दोन पंखे विकत आणले, त्यातला एक उलटा बसवला, प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट दोनदा लावली. सगळ्यात जास्त फरक मात्र फुकटच्या कामांनी पडला. म्हणून खालचा क्रम साधारण तसाच लावलाय: आधी फुकटची कामं, मग स्क्रू-ड्रायव्हर, खिशात हात सगळ्यात शेवटी.

आधी दोन हिशेब

कॅबिनेटचा पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. खोलीत ४० अंश असतील तर आत शिरणारी हवाही ४० चीच, आणि त्या हवेने प्रोसेसर ४० च्या खाली कधीच येणार नाही. पाच पंखे लावा की पंधरा. लिक्विड कूलरचंही तेच. पाणी उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथून ती खोलीच्याच हवेत सुटते. त्यामुळे ‘मित्राचा प्रोसेसर ६५ वर असतो, माझा ८० वर का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या एसी लावलेल्या खोलीत २५ असतील, तुमच्याकडे ४०. वजाबाकी करून बघा, दोघांचेही ४० च येतात.

आपल्या हातात असते ती ही वजाबाकी. खोलीपेक्षा चिप किती अंश वर आहे, तेवढंच बघायचं. पुढे मी त्याला ‘फरक’ म्हणणार आहे.

दुसरा हिशेब हवेचा. एक घनमीटर हवा आपल्या उन्हाळ्यात साधारण १.१ किलो भरते आणि तेवढी हवा एका अंशाने तापायला सुमारे ११०० ज्यूल लागतात. गेम चालू असताना माझं मशीन ३०० वॅटच्या आसपास उष्णता सोडतं: ग्राफिक्स कार्डचे १७०, प्रोसेसरचे पाऊणशे, उरलेले बोर्ड, रॅम आणि एसएमपीएसचे. आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये असं वाटत असेल, तर तासाला सुमारे १०० घनमीटर हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर जे सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, छापतात, त्या मापात हे ५८-५९ भरतं. १२० मिमीच्या बऱ्याच पंख्यांवर ५० ते ६० छापलेलं असतं. वाटतं, चला, एकात भागलं! पण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर जाळी, जाळीवर फिल्टर, फिल्टरवर कापसाची लव आणि मागे केबलींचं जंजाळ, एवढ्यातून निम्मी हवा गेली तरी नशीब. आणि हवा निम्मी झाली की ते १० अंश २० होतात. छोट्या कॅबिनेटमध्ये जास्तीचे पंखे लावायला जागाच नसते, म्हणून आहे ती वाट मोकळी ठेवण्यावर सगळं अवलंबून.

पहिलं काम: वही आणि तापमापक

बाजारात भिंतीवर लावायचा साधा तापमापक मिळतो. तो कॅबिनेटच्या शेजारी, हवा आत शिरते त्या बाजूला टांगा. वर छताजवळ टांगलेला उपयोगाचा नाही. आपल्याला पंख्याच्या तोंडाशी किती गरम आहे ते हवंय.

मग एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. ते सुरुवातीला आकड्यांची एवढी मोठी यादी दाखवतं की घाबरायला होतं. त्यातल्या चारच ओळी शोधायच्या: प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा वेग, ग्राफिक्स कार्डचं तापमान आणि पंख्यांचे फेरे. प्रोसेसरला घाम फोडायला सिनेबेंच पुरतं, तेही मोफत आहे. ते सलग वीस मिनिटं चालू द्या आणि शेवटच्या मिनिटातले आकडे लिहा. पाच मिनिटांत उरकू नका, कारण प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरचं धातू आणि डब्यातली हवा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. तसंच वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून ग्राफिक्स कार्डचेही आकडे घ्या.

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: ‘दु. ३.३०. खोली ३८. प्रोसेसर ९०, वेग ३.७, पंखा फुल्ल.’

यात एक फसवणूक आहे, ती मला आठवडाभर कळली नव्हती. माझ्या रायझन ५ ५६०० ची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९० अंश. तिथे टेकला की प्रोसेसर जळत नाही, आपोआप वेग कमी करतो. म्हणजे ९० हा त्याचा खरा ताप नव्हताच. तो मर्यादेला टेकून श्रम कमी करत बसला होता. ४.२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालायचा तो ३.७ वर आलेला. म्हणून तापमानाशेजारी वेग लिहिलाच पाहिजे. मर्यादा चिपप्रमाणे बदलते: एएम५ सॉकेटवरच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खोबण) बऱ्याच रायझन ७००० चिप्सची ९५ आहे, इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीतल्या बऱ्याच डेस्कटॉप चिप्सची १००. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पानावर असतो, तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

इथून पुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी, शक्यतो त्याच वेळेला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

दुसरं काम: झाकण काढून बघा

बाजूचं झाकण काढा आणि तीच वीस मिनिटांची चाचणी घ्या. फरक भसकन उतरला किंवा हरवलेला वेग परत आला, तर दुखणं हवेच्या वाटेत आहे. दोन-तीन अंशच हलले तर कॅबिनेट निर्दोष. कूलर नीट बसलेला नाही, त्यात घाण आहे किंवा पेस्ट वाळली आहे. माझं मशीन झाकण काढल्यावर ८३ वर आलं आणि वेग ४.२ झाला. म्हणजे डबाच गळा दाबत होता.

समोर काच किंवा सपाट प्लास्टिक असलेलं कॅबिनेट असेल तर बाजूचं झाकण लावून नुसतं समोरचं पॅनेल काढूनही एकदा बघा. त्या सुंदर काचेमागे पंखे असतात खरे, पण हवा यायला कडेला बोटभर फट तेवढी असते.

‘मग झाकण उघडंच ठेवतो की’ असं पुष्कळ जण म्हणतात. ठेवू नका. आमच्याकडे लव आहे, तुमच्याकडे धूळ असेल, आणि पाल सगळ्यांकडे असते. तिला रात्री ऊबदार जागा फार आवडते.

तिसरं काम: जागा बदला

कॉम्प्युटर टेबल बनवणारे ‘सीपीयू’साठी एक कप्पा ठेवतात. तीन बाजूंनी प्लायवूड, कधी मागेही प्लायवूड, समोर दार. कॅबिनेटने मागून सोडलेली गरम हवा त्या कप्प्यात फिरून परत पुढून आत शिरते. खोली ३८ वर असताना माझ्या कप्प्यात तापमापक घुसवून बघितला, अर्ध्या तासात ४६! म्हणजे आठ अंशांचा भुर्दंड हवा आत शिरायच्या आधीच बसलेला.

कप्प्यातून बाहेर काढा, एवढंच. मागे भिंतीपासून वीतभर तरी अंतर सोडा. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, संध्याकाळी ती तव्यासारखी असते. खिडकीतून ऊन पडतं तिथे नको. यूपीएस शेजारी चिकटवून ठेवू नका, तोही तापतो. आईने प्रेमाने शिवलेलं कव्हर मशीन चालू असताना पूर्ण काढायचं; नुसतं समोरून दुमडून चालत नाही.

तळाकडे जरूर बघा. बऱ्याच छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात आणि खालच्या जाळीतून हवा ओढतात. पाय जेमतेम एक सेंटिमीटरचे असतील तर ते टेबलाचीच हवा चोखत बसतात. चादरीवर किंवा गादीवर ठेवलं तर विचारूच नका. मी हे शेजारच्या कारखान्यातल्या अण्णांना सांगत होतो, तर त्यांनी कोपऱ्यातून दोन जुने धोटे काढून दिले. ‘‘घेऊन जा की, पडूनच हायत.’’ मागावर आडवा धागा घेऊन धावणारे ते लाकडी धोटे आता मशीनखाली रुळांसारखे समांतर पडून आहेत. साडेतीन सेंटिमीटर उंची मिळाली, लाकूड टणक, हलत नाही. तुमच्याकडे धोटा नसेल तर लाकडाचे चार ठोकळे घ्या, फक्त खालची जाळी झाकली जाणार नाही असे ठेवा.

वहीत: ‘खोली ३८. प्रोसेसर ८७, वेग ४.१.’ तीनच अंश उतरले म्हणून हिरमुसू नका. वेग किती वाढलाय ते बघा.

चौथं काम: साफसफाई

मशीन बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, प्लग काढा आणि मग पॉवरचं बटण एकदा पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात राहिलेली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. मग कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात न्या. घरात साफ केलं तर तीच धूळ रात्रीपर्यंत परत आत जाते.

एक इंची रंगाचा नवा, मऊ ब्रश आणि हातात धरायचा इलेक्ट्रिक ब्लोअर, एवढं पुरतं. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. जोरात गरगरला तर बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारा पंखा उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवतो. पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून आणणारे मी पाहिलेत. त्या हवेत टाकीतलं पाणी आणि कधी कधी कॉम्प्रेसरचं तेल येतं, तिकडे जाऊ नका. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचे कण उडतात.

सगळ्यात चोरटी जागा म्हणजे पंखा आणि त्याच्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामधली फट. वरून पंखा स्वच्छ दिसतो. टॉर्च लावून तिरकं बघा: पट्ट्यांच्या तोंडावर नमद्यासारखा जाड थर बसलेला असतो. माझ्या ग्राफिक्स कार्डातून तो चिमट्याने अख्खा निघाला, करड्या टॉवेलच्या तुकड्यासारखा. मागांच्या शेजारी राहणाऱ्यांना हा थर तीन महिन्यांतच बघायला मिळेल, कारण कापसाची लव साध्या धुळीसारखी उडून जात नाही, एकमेकींत गुंतते.

एसएमपीएस मात्र उघडायची नाही. बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारा, तेवढंच. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धक्का देण्याइतकी वीज राहू शकते.

पाचवं काम: पंख्यांची दिशा

माझी फजिती इथे झाली. कॅबिनेटबरोबर मागे एकच पंखा होता, हवा बाहेर टाकणारा. पुढे लावायला एक १२० मिमीचा आणला, चांगली दिसणारी बाजू बाहेर ठेवून स्क्रू आवळले आणि खूश होऊन चाचणी घेतली. फरक जागचा हलला नाही. दोन दिवसांनी पुढच्या यूएसबीच्या भोकांभोवती लवेची पांढरी मिशी उगवली. तेव्हा ट्यूब पेटली: दोन्ही पंखे हवा बाहेरच टाकत होते, आणि डबा मिळेल त्या फटीतून हवा ओढत होता.

ओळखायची खूण सोपी आहे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारे दांडे असतात आणि बहुधा स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मोकळ्या पात्यांच्या बाजूने आत जाते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात. दिसायला सुंदर बाजू बहुतेक वेळा आत घेणारी असते, म्हणून पुढे लावताना तीच बाहेर हवी असं वाटणं एरवी बरोबरच. माझा पंखा उलट्या पात्यांचा, म्हणजे दांड्यांच्या बाजूने हवा आत घेऊन सुंदर बाजूने बाहेर टाकणारा, मुद्दाम तसा बनवलेला निघाला. तसे पंखेही मिळतात. तेव्हा रूपावर जाऊ नका, लावण्याआधी बाण बघा.

सरळ वाट अशी: पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. गरम हवा आपसूक वर जाते हे खरं, पण एवढ्याशा डब्यात पंख्यापुढे तिचं काही चालत नाही. म्हणून ‘वरचा पंखा बाहेर टाकणाराच हवा’ हा काही वेदातला नियम नाही. दोन शेजारी पंखे एक आत, एक बाहेर असे लावू नका, एवढं मात्र कटाक्षाने पाळा. ताजी हवा आत येऊन लगेच शेजारून पळते.

आता उदबत्ती लावा. खरंच. मशीन चालू, झाकण बंद, खोलीचा पंखा बंद. राख आत पडणार नाही इतक्या अंतरावर, अर्ध्या वीतभर लांब, उदबत्ती धरून कॅबिनेटभोवती सावकाश फिरवा. जिथे धूर आत ओढला जातो ती तुमची खरी आत यायची वाट. जिथे तो ढकलला जातो ती बाहेरची. मागच्या पंख्यातून सुटलेला धूर वळसा घालून बाजूच्या जाळीतून परत आत जाताना दिसला तर तिथे वाट तुटली आहे. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या भोकांतून धूर आत जात असेल तर बाहेर टाकणारे पंखे जास्त आहेत आणि बिनगाळलेली हवा आत येते आहे. दोन मिनिटांत होणारं हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सांगून जातं.

लव-धुळीच्या गावात आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी. मग फटींतून हवा बाहेरच्या बाजूला जात राहते आणि आत येणारी सगळी फिल्टरमधून येते. मी दुसरा आणला तो १५ मिमी जाडीचा सपाट पंखा, तळाला, ग्राफिक्स कार्डाच्या खाली. नेहमीचा २५ मिमीचा तिथे मावत नव्हता. विकत घेण्याआधी फूटपट्टी घेऊन मोजा. छोट्या कॅबिनेटमध्ये दहा मिमीवर सौदा फिसकटतो.

फिल्टर बारीक नायलॉन जाळीचा चांगला. मच्छरदाणीची जाळी कापून चुंबकी पट्टीने चिकटवली तरी लव अडते. जाड स्पंजचा फिल्टर नको, तो हवाही अडवतो.

दिशा नीट झाल्यावरची नोंद: ‘खोली ३८. प्रोसेसर ८४, वेग ४.२. ग्राफिक्स ७७.’ आधी ग्राफिक्स ८४ होतं.

केबली

एसएमपीएसच्या न लागणाऱ्या केबली निघत असतील तर काढा. नसतील निघत तर घडी घालून वेल्क्रोने बांधा आणि पुढच्या पंख्याच्या तोंडासमोरून हटवा. एवढंच. केबली विणून फोटो काढण्याइतक्या सुबक केल्याने अंश उतरत नाहीत.

सहावं काम: कूलर आणि पेस्ट

छोट्या कॅबिनेटमध्ये कूलरच्या उंचीवर मर्यादा असते, कधी ५० मिमी, कधी ७०. प्रोसेसरबरोबर येणारा एएमडीचा रेथ स्टेल्थ ५४ मिमीचा आहे. हे कूलर हवा वरून खाली, बोर्डाच्या दिशेने मारतात. कूलरचा पंखा आणि बाजूच्या जाळीच्या झाकणामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी राहिली, तर पंखा बाहेरची ताजी हवा न घेता आतलीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळतो. यावर स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठी मिळणारी फोमशीट कामी येते. पोकळी मोजा, तेवढ्या रुंदीची पट्टी कापा, पंख्याच्या चौकटीभोवती वळवून चिकटवा, म्हणजे पंख्यापासून जाळीपर्यंत नळकांडं तयार होतं. पट्टी पात्याला घासत नाही ना ते हाताने फिरवून बघा. माझ्याकडे या नळकांड्याने तीन अंश उतरले, खर्च चहाएवढा. झाकणाला जाळी नसेल, अख्खी काच असेल, तर हा उपाय विसरा.

पेस्ट बदलायची असेल तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. एएम४ सॉकेटवाल्यांनी विशेष सांभाळा: कूलर सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. स्क्रू सैल केल्यावर कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सुटणाऱ्या कापडाने पुसा. घरातलं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर सोडतं. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या अख्ख्या दाण्याहून थोडी मोठी, पसरवत बसू नका, कूलरच्या दाबाने पसरते. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. नव्या कूलरच्या बुडाला पातळ प्लास्टिकचा कागद असतो, तो काढा. हसू नका, माझी पहिली पेस्ट त्या कागदावर लागली होती.

सातवं काम: सेटिंग

पंखा तीन पिनांचा आहे की चार, ते बघा. चार पिनांच्याला बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पीडब्ल्यूएम आणि तीन पिनांच्याला डीसी निवडा. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो सतत पूर्ण वेगाने ओरडतो.

बोर्डाची मूळ पंखा-सेटिंग आपल्या मे महिन्यासाठी केलेली नसते. खोलीच ४० वर असली की नुसता मेल उघडला तरी प्रोसेसर ५५-६० ला जातो आणि पंखा वर-खाली हुंकारत राहतो. माझं उन्हाळ्याचं गणित असं: ६० अंशांपर्यंत ४० टक्के, ७५ ला ६५ टक्के, ८५ ला पूर्ण. बायोसमध्ये वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायचा पर्याय असतो, तो चालू करा, हुंकार थांबतो. पुढचा आणि तळाचा पंखा ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालवायचा असेल तर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. गेम खेळणाऱ्यांनी तसं जरूर करावं, कारण डब्यातली खरी शेगडी ग्राफिक्स कार्डच असते.

यानंतर मुळावर घाव: उष्णता कमीच तयार होऊ द्या. जुन्या एएम४ वरचा ‘१०५ वॅट’ म्हणून विकला जाणारा प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. कमी विजेवर चालवणाऱ्या ईको मोडमध्ये ६५ निवडलं की ती मर्यादा ८८ वर येते. माझा मुळात ६५ चा, बोर्डात ४५ चा पर्याय होता, तो लावला. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के केली. भावाला आठवडाभर सांगितलं नाही, त्यालाही कळलं नाही.

‘खोली ३९. प्रोसेसर ७२, वेग ३.९. ग्राफिक्स ७१.’ फरक ३३ आणि ३२. वेग थोडा गेला, पण तो आता दुपारी तीनलाही तेवढाच राहतो. दिवाळीनंतर मी हे सेटिंग काढून टाकतो.

खोलीचा कूलर

आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे खिडकीतला पाण्याचा कूलर इथे चांगला चालतो. माझ्या खोलीत तो ३९ चे ३३ करतो, आणि खोलीचे सहा अंश उतरले की प्रोसेसरचेही साधारण सहाच उतरतात. पंख्यांवर खर्च करण्याआधी हा हिशेब करा. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि आपल्या जड पाण्यातले क्षार आत पांढरे होऊन बसतात. कूलरच्या समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि गारवाही जातो. पावसाळी हवेत त्याचा उपयोग नाही, तेव्हा त्याला कव्हर घाला.

राहिला फिल्टर. तो मी नळाला पाणी येतं त्या दिवशी धुतो, म्हणजे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. पाणी भरून झालं की फिल्टर नळाखाली उलट्या बाजूने धरायचा, म्हणजे लव आत न घुसता गळून पडते, आणि गच्चीवरच्या दोरीला चिमटा लावून टांगायचा. उन्हात पंधरा मिनिटांत वाळतो, पण विणीत अडकलेलं पाणी दिसत नाही, म्हणून मी तो वाळल्यावरही फडक्याने दाबून बघतो. त्याच जाळीचा दुसरा एक कापून ठेवलाय. एक दोरीवर असतो तेव्हा दुसरा मशीनवर.